धरणीच्या पोटातील ठेव : भूगर्भ-साठवणुकीचे नियम कसे घडले?

१/
सांगलीजवळचे हरिपूर हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध आहे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले, वरून तोंड बंद करता येणारे कोठार. आत हवा खेळत नाही, म्हणून माल टिकतो. परंतु जी गोष्ट मालाला राखते तीच माणसाच्या जिवावर उठते. बंद पेवात प्राणवायू घटतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणून पेव उघडल्यावर काही तास कोणी आत उतरत नाही. आधी पेटता कंदील खाली सोडून पाहतात. कंदील विझला, तर काम थांबते.

२/
जमिनीखाली काही ठेवायचे, तर तिथे काय घडते आहे हे आधी तपासावे आणि खूण मिळताच थांबावे, एवढाच या नियमाचा गाभा. आज माणूस धरणीच्या पोटात हळदीहून फार मोठ्या गोष्टी ठेवतो. मिठाच्या गुहांत नैसर्गिक वायू साठवतो, खडकात कोरलेल्या दालनांत खनिज तेल ठेवतो, आणि कारखान्यांतून निघालेला कार्बन डायऑक्साइड हजार-दोन हजार मीटर खोल सोडतो. भारताचेही विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथे ५३ लाख टनांहून अधिक खनिज तेल सामावणारे भूगर्भीय साठे आहेत.

३/
या साऱ्या उद्योगाला आज जे कायदे लागू आहेत, त्यांतील बहुतेक महत्त्वाची कलमे आधी जमिनीने शिकवली आणि मग माणसाने लिहिली. धडे मुख्यतः चार : खोलवरचा दाब, विसरलेली जुनी विवरे, उत्तरदायित्वाचा काळ, आणि थांबवण्याचा अधिकार. या धाग्यात त्यांचा इतिहास क्रमाने पाहू.

४/
पहिला धडा : दाब.
अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या ईशान्येस रॉकी माउंटन आर्सेनल हा रासायनिक शस्त्रांचा लष्करी कारखाना होता. त्याच्या विषारी सांडपाण्याने आसपासचे भूजल दूषित होऊ लागले. तेव्हा १९६१ मध्ये सुमारे ३,६७० मीटर खोल विहीर खोदण्यात आली, आणि मार्च १९६२ पासून सांडपाणी त्या खोल खडकात दाबाने सोडले जाऊ लागले. वरचे पाणी वाचवण्यासाठी घाण खाली पाठवायची, हा विचार त्या काळी शहाणपणाचाच वाटला.

५/
एप्रिल १९६२ पासून डेन्व्हरच्या परिसरात धक्के जाणवू लागले. भूकंपाचा फारसा अनुभव नसलेल्या त्या शहराला हे नवीन होते. नोव्हेंबर १९६५ मध्ये डेव्हिड इव्हान्स या भूवैज्ञानिकाने दोन आलेख शेजारी मांडले. एकात विहिरीत दर महिन्याला किती द्रव सोडला गेला, ते होते. दुसऱ्यात दर महिन्याला किती धक्के नोंदले गेले, ते. दोन्ही आलेख बरोबरीने चढत होते आणि बरोबरीने उतरत होते.

६/
फेब्रुवारी १९६६ मध्ये विहीर थांबवण्यात आली. तोवर सुमारे सव्वासहा लाख घनमीटर द्रव खाली गेला होता. पण धक्के थांबले नाहीत. सर्वांत मोठे धक्के त्यानंतर वर्षभराने, १९६७ मध्ये आले. ९ ऑगस्ट १९६७ च्या धक्क्याची तीव्रता त्या वेळच्या मोजणीनुसार ५ हून अधिक होती. नळ वर बंद झाला, तरी खाली साचलेला दाब खडकांच्या भेगांतून दूरदूर पसरतच होता.

७/
यामागची यंत्रणा समजायला सोपी आहे. खडकांत जुने भ्रंश असतात. भ्रंश म्हणजे अशी चीर, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात. पृथ्वीच्या हालचालींचा ताण त्यांवर असतोच, पण घर्षण त्यांना सरकू देत नाही. चिरेत पाण्याचा दाब वाढला, की दोन्ही बाजूंची पकड ढिली होते आणि खडक सरकतो. ताण जुनाच असतो. पाणी केवळ निमित्त ठरते.

८/
याच वर्षांत, डेन्व्हरपासून हजारो किलोमीटर दूर सह्याद्रीत, जमिनीखालच्या पाण्याच्या दाबाची दुसरी कहाणी घडत होती. कोयना धरणाचा शिवाजीसागर १९६२ मध्ये भरू लागला आणि लवकरच परिसरात लहान धक्के बसू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दोनशेच्या आसपास माणसे दगावली. इथे कोणी विहिरीतून पाणी दाबले नव्हते. परंतु जलाशयाचे वजन आणि खोल झिरपणारे पाणी यांनी भ्रंशाला चालना दिली, असे आज बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात. जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांचे जगातील प्रमुख उदाहरण म्हणून कोयनेचे नाव घेतले जाते.

९/
डेन्व्हरच्या अनुभवानंतर अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने एक धाडसी प्रयोग केला. कोलोरॅडोतील रेंजली या तेलक्षेत्रात १९६९ ते १९७३ या काळात विहिरींतील पाण्याचा दाब मुद्दाम वाढवला आणि घटवला. दाब एका मर्यादेपलीकडे गेला, की धक्के सुरू होत. खाली आणला, की जवळपास थांबत. प्रयोगाचे निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. जमिनीखाली सुरक्षित दाबाची मर्यादा असते आणि ती मोजता येते, हे आता प्रयोगाने दाखवले गेले होते.

१०/
कायदा मात्र वेगळ्या वाटेने आला. अमेरिकेने १९७४ मध्ये सुरक्षित पेयजल कायदा केला. जमिनीखाली सोडलेला द्रव पिण्याच्या पाण्याच्या थरांत शिरू नये, हा त्यातील भूगर्भविषयक तरतुदींचा हेतू. हेतू योग्यच होता, पण त्यात भूकंपाची चिंता मध्यवर्ती नव्हती. शिवाय नैसर्गिक वायूची साठवण या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. ती प्रामुख्याने ज्या त्या राज्याच्या नियमांवर सोपवली गेली. या मोकळ्या जागेची किंमत पुढे चुकवावी लागली.

११/
दुसरा धडा : विसरलेली विवरे.
कॅन्ससमधील हचिन्सन हे मिठाचे शहर. तिथे जमिनीखाली मिठाचे जाड थर आहेत. विहिरीतून पाणी आत सोडायचे, मीठ विरघळवून खारे पाणी वर आणायचे, हा तिथला जुना धंदा. मीठ वायूला सहसा झिरपू देत नाही. म्हणून शहराच्या वायव्येस सुमारे अकरा किलोमीटरवर, यॅगी येथे, मिठात कोरलेल्या गुहांत नैसर्गिक वायू साठवला जात असे.

१२/
१७ जानेवारी २००१ रोजी हचिन्सनच्या मुख्य बाजारपेठेत स्फोट झाला आणि इमारती पेटल्या. शहरात ठिकठिकाणी वायू आणि खारे पाणी यांचे फवारे जमिनीतून उसळू लागले. दुसऱ्या दिवशी शहराच्या दुसऱ्या भागातील फिरत्या घरांच्या वस्तीत स्फोट होऊन दोघांचा मृत्यू झाला. या घरांना साठवण केंद्राचा शेजार नव्हता. ते अकरा किलोमीटर दूर होते.

१३/
चौकशीत वायूचा मार्ग उलगडला. मिठाची गुहा शाबूत होती. दोष गुहेकडे जाणाऱ्या एका विहिरीच्या केसिंगमध्ये होता. शेतात बोअर घेताना आत जो पाईप बसवतात, तसाच हा पोलादी पाईप. तो गुहेच्या वर फुटला होता. तिथून सुमारे ४० लाख घनमीटर वायू निसटला, भेगाळलेल्या खडकाच्या एका अरुंद पट्ट्यातून शहराखाली आला, आणि मीठ काढणाऱ्यांनी पूर्वी खोदून सोडून दिलेल्या विहिरींतून वर चढला. त्यांतील कित्येक विहिरींवर पुढे इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांची नोंदही उरली नव्हती.

१४/
कॅन्ससने नियम नव्याने लिहिले. गुहांच्या विहिरींना दुहेरी केसिंग, ठरावीक काळाने चाचण्या, वायूच्या हिशेबाची काटेकोर नोंद अशा अटी आल्या. पण एका राज्याचा धडा दुसऱ्या राज्यात आपोआप पोहोचत नाही. २३ ऑक्टोबर २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील अलिसो कॅन्यन या साठवण केंद्रात एका विहिरीतून मिथेन वायू सुटू लागला. ही विहीर १९५० च्या दशकात तेलासाठी खोदली गेली होती आणि पुढे वायूसाठी वापरात आली होती.

१५/
ती गळती फेब्रुवारी २०१६ पर्यंत चालली. सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला आणि हजारो कुटुंबांना घरे सोडून महिनोन्‌महिने अन्यत्र राहावे लागले. या विहिरीतील खोल सुरक्षा-झडप १९७९ मध्ये काढून टाकण्यात आली होती आणि तिच्या जागी नवी बसवलीच नव्हती. केसिंग बाहेरून गंजले होते, आणि त्याच्यापलीकडे दुसरा अडसर नव्हता. या दुर्घटनेनंतर, २०१६ मध्ये, अमेरिकी संसदेने वायूच्या भूगर्भीय साठवणुकीसाठी देशव्यापी किमान सुरक्षा-मानके ठरवण्याचा आदेश दिला. हचिन्सनपासून मधे पंधरा वर्षे गेली होती.

१६/
तिसरा धडा : उत्तरदायित्वाचा काळ.
तेल आणि वायू आज ठेवून उद्या काढायचे असतात. कार्बन डायऑक्साइड मात्र कायमचा ठेवायचा असतो. नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बनवर कर लावला आणि उत्तर समुद्रातील स्लाइप्नर वायुक्षेत्रात एक नवे गणित जुळले : वायूतून वेगळा केलेला कार्बन डायऑक्साइड हवेत सोडण्यापेक्षा पुरणे स्वस्त पडू लागले. १९९६ पासून तिथे समुद्रतळाखाली सुमारे आठशे ते हजार मीटर खोल वाळूखडकात तो सोडला गेला, कित्येक वर्षे दरसाल दहा लाख टनांच्या जवळपास.

१७/
स्लाइप्नरचे यश निव्वळ पुरण्यात नव्हते. ध्वनिलहरींच्या साहाय्याने खालच्या खडकाचे चित्र ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा घेतले गेले. वायू किती पसरला, वरच्या चिकणमातीच्या टोपीखाली अडकून राहिला की नाही, हे त्यात दिसत गेले. अल्जीरियातील इन सालाह प्रकल्पात याच्या उलट बातमी मिळाली. २००४ पासून तिथे कार्बन डायऑक्साइड सोडला जात होता. उपग्रहांच्या मोजणीत विहिरींवरची जमीन वर्षाला काही मिलिमीटर फुगत असल्याचे दिसले. वरच्या थराच्या अखंडतेबद्दल शंका आली आणि २०११ मध्ये काम थांबवण्यात आले. तिथे जीवितहानी झाली नाही, म्हणून इन सालाहचे नाव फारसे कोणी घेत नाही.

१८/
एक अवघड प्रश्न तरीही उरतोच. कंपन्यांचे आयुष्य दशकांत मोजले जाते, पुरलेल्या वायूचे शतकांत. कंपनी बुडाली किंवा विकली गेली, तर खालच्या ठेवीची राखण कोण करणार? युरोपीय संघाने २००९ च्या निर्देशात याचे उत्तर दिले. साठवणुकीचा परवाना घेतानाच आर्थिक हमी द्यावी. विहीर बंद केल्यानंतरही देखरेख चालू ठेवावी. वायू पूर्णपणे बंदिस्त असल्याचा पुरावा मिळाल्यावर, आणि सर्वसाधारणपणे किमान वीस वर्षे गेल्यावरच जबाबदारी शासनाकडे सोपवता येईल.

१९/
अमेरिकेने २०१० मध्ये कार्बन साठवणुकीच्या विहिरींसाठी स्वतंत्र सहावा वर्ग निर्माण केला. त्यात बंद केल्यानंतरच्या देखरेखीचा मूळ काळ पन्नास वर्षे आहे. पुरावा दिल्यास तो बदलता येतो. परवाना मागणाऱ्याने आपल्या प्रकल्पाच्या प्रभावक्षेत्रातील सर्व जुन्या विहिरी शोधून काढाव्यात आणि सदोष असतील त्या आधी बुजवाव्यात, असेही हा नियम सांगतो. या कलमाची गरज हचिन्सनच्या बाजारपेठेला सर्वांत चांगली कळली असती.

२०/
चौथा धडा : थांबवण्याचा अधिकार.
स्वित्झर्लंडमधील बाझल हे शहर १३५६ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले होते. त्याच शहरात २००६ मध्ये खोल भूऔष्णिक ऊर्जेसाठी पाच किलोमीटर खोल विहीर खोदली गेली. तप्त खडकात पाणी दाबून भेगा उघडायच्या आणि गरम झालेले पाणी वर आणून वीज निर्माण करायची, ही योजना. धोक्याची जाणीव होती, म्हणून वाहतूक-दिव्यांसारखी पद्धत ठरवली गेली : हिरवा असेल तर चालू, पिवळा दिसला तर सावध, लाल लागला तर बंद.

२१/
२ डिसेंबर २००६ रोजी पाणी सोडण्यास प्रारंभ झाला. ८ डिसेंबरला धक्के ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले आणि पाणी थांबवण्यात आले. पद्धत ठरल्याप्रमाणे चालली होती. तरीही काही तासांनी ३.४ तीव्रतेचा धक्का बसलाच. डेन्व्हरने चाळीस वर्षांपूर्वी सांगितलेले इथे पुन्हा दिसले : नळ बंद केल्याने दाब तत्काळ सरत नाही. भिंतींना तडे गेल्याचे दावे लाखो फ्रँकचे झाले. नव्या धोका-अभ्यासानंतर २००९ च्या अखेरीस प्रकल्प कायमचा गुंडाळण्यात आला.

२२/
दक्षिण कोरियातील पोहांगची कथा अधिक दुःखद आहे. तिथेही अशीच खोल भूऔष्णिक विहीर होती. एप्रिल २०१७ मध्ये पाणी सोडल्यानंतर ३ हून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. ही पेवातला कंदील मंदावल्याची खूण होती. पण काम पुढे चालू राहिले. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी ५.५ च्या जवळपास तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १३५ जण जखमी झाले, एकाचा मृत्यू झाला, सतराशेहून अधिक लोक तात्पुरत्या निवाऱ्यात गेले.

२३/
शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने मार्च २०१९ मध्ये निष्कर्ष दिला : विहिरीत सोडलेल्या पाण्याने, आधी नकाशावर नसलेल्या एका भ्रंशाला चालना दिली. आयोगातील शास्त्रज्ञांचे म्हणणे असे, की एक ठरावीक आकडा ओलांडला जाईपर्यंत वाट पाहणे पुरेसे नाही. प्रत्येक नव्या धक्क्यानंतर धोक्याचा हिशेब पुन्हा मांडला पाहिजे, आणि तो निर्णय घेणाऱ्यांपर्यंत व नागरिकांपर्यंत पोहोचला पाहिजे. थांबवण्याचा निर्णय केवळ त्यांच्या हाती असू नये, ज्यांचे नुकसान थांबल्याने होणार आहे.

२४/
या साऱ्यावरून भूगर्भातील साठवण सोडूनच द्यावी का? इतिहास तसे सांगत नाही. आइसलँडमध्ये २०१२ साली कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्ट खडकात सोडला गेला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक वायूचे दोन वर्षांच्या आत दगडात रूपांतर झाले. दगड झालेला वायू गळत नाही. पण त्याच हेल्लिशेइदी परिसरात, २०११ मध्ये, भूऔष्णिक केंद्राचे सांडपाणी जमिनीत परत सोडताना ४ च्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले होते. खडक तोच, काय, किती आणि कोणत्या दाबाने सोडले, यावर परिणाम ठरला.

२५/
हा मुद्दा महाराष्ट्राला थेट भिडतो. आइसलँडमधला तो काळा खडक आणि सह्याद्रीचा कातळ एकाच जातीचे, दोन्ही बेसाल्ट. दख्खनचे पठार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरले आहे आणि कार्बन साठवणुकीसाठी त्याचा अभ्यास बराच काळ चालू आहे. नीती आयोगाने २०२२ मध्ये कार्बन पकडणे, वापरणे आणि साठवणे यांविषयीची धोरण-चौकट मांडली. म्हणजे हा दूरदेशीचा इतिहास उद्या इथल्या गावांच्या दाराशी येऊ शकतो.

२६/
आणि तेव्हा चारही धडे एकदम लागू होतील. याच बेसाल्टच्या सच्छिद्र व भेगाळ थरांतून महाराष्ट्राच्या बहुतांश भागातील विहिरी पाणी घेतात. याच थरांत लाखो बोअर आहेत. त्यांतील कित्येक कोरडे पडून विसरले गेले आहेत. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये विहिरींच्या नोंदणीची तरतूद आहे. आज ती पाण्याच्या नियोजनाची बाब वाटते. साठवणुकीचा प्रकल्प आला, तर तीच नोंदवही सुरक्षेचा पहिला दस्तऐवज ठरेल.

२७/
दाबाच्या बाबतीत महाराष्ट्राजवळ एक दुर्मीळ गोष्ट आहे : साठ वर्षांची नोंद. १९६७ पूर्वीच कोयनेत भूकंपमापक बसवले गेले होते आणि तेव्हापासून धक्क्यांची मोजणी चालू आहे. अलीकडे तिथे तीन किलोमीटर खोल संशोधन-विवर खोदण्यात आले आणि त्या कामासाठी कराडला स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. डेन्व्हर आणि पोहांग येथे ही पूर्वनोंद तोकडी होती. भूमीचा नेहमीचा स्वभाव ठाऊक असेल, तरच बदललेला स्वभाव ओळखता येतो.

२८/
एखाद्या गावात असा प्रकल्प येईल, तेव्हा जनसुनावणीत विचारायचे प्रश्न या इतिहासाने तयार ठेवले आहेत. परिसरातील जुनी विवरे मोजली का? काम सुरू होण्याआधीच्या धक्क्यांची आणि पाण्याची नोंद कुठे पाहायला मिळेल? कंपनी गेल्यावर पन्नास वर्षांनी खर्च कोण करणार, आणि ते पैसे आज कुठे ठेवले आहेत? धोक्याची खूण दिसली, तर काम थांबवण्याचा अधिकार कोणत्या अधिकाऱ्याला आहे, आणि त्याला जाब कोण विचारू शकतो? चारही प्रश्नांची उत्तरे लेखी मिळतील, तिथे कामाला परवानगी देण्याचा विचार करता येईल. (समाप्त)